मॅडमच्या गुडघ्यांवरचा मैदा

सोमवारी सकाळी नाबोसा मुगालुलाकाकांना कामावरून बाजूला करायला गेली आणि गुडघ्यांना मैदा लावून परत आली.

जाताना तिचा रुबाब पाहण्यासारखा होता. काळा स्कर्ट, कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर ठरवून आणलेली आठी. मासाका गावातल्या बेकरीची शाखा-व्यवस्थापक होऊन तिला काही महिनेच झाले होते आणि अजून तिला कायम केलेलं नव्हतं. कायम करायचं की परत हिशेबाच्या टेबलावर पाठवायचं, हे शुक्रवारी कंपालाहून ठरणार होतं, आणि ते सगळं अडकलं होतं मुगालुलाकाकांपाशी.

मुगालुलाकाका फाटकावर बसत. उंच स्टूल, गळ्यात शिट्टी, अंगात पांढरा, पायघोळ कांझू आणि वर कोट. पहाटेच्या पावाच्या गाड्या भरल्या की कोणी लुकायाला जायचं, कोणी क्योटेराला, कोणी न्येंडोच्या चढावर घाम गाळायचा, हे काका सांगत आणि ड्रायव्हर निमूट ऐकत. आता कंपालाच्या मुख्य कार्यालयानं ठरवलं होतं की हे सगळं फोन सांगेल. प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात फोन, फोनमध्ये नकाशा, नकाशात ठिपका. काकांनी ठिपक्याला जागा करून द्यायची आणि गोदामात पाकिटांवर तारखा बघत बसायचं. हे काकांना सांगायचं काम नाबोसाचं.

कसं सांगायचं तेही तिला शिकवलेलं होतं. बदल कसा घडवायचा हे सांगण्यासाठी कंपनीनं नैरोबीचे ओचिएंग नावाचे सल्लागार नेमले होते. त्यांचं म्हणणं होतं की वाईट बातमी पहिल्याच वाक्यात सांगून टाकावी, आधी लांबण लावू नये. नाबोसानं ते वाक्य घरी आरशासमोर घोटून घेतलं होतं. आरशापुढं ते उत्तम वठलं.

फाटकाशी मात्र काका स्टुलावरून उतरले आणि नाबोसाचे गुडघे आपोआप वाकले. त्यात तिचा काही दोष नव्हता. वडीलधारा माणूस समोर आला की गुडघे टेकायचे, हे तिच्या आईनं आणि आत्यानं तिच्या हाडांत असं मुरवलं होतं की डोक्याला विचारायला कुणी थांबतच नसे. ती मैद्यानं माखलेल्या फरशीवर बसली.

"मॅडम, उठा," काका संकोचून म्हणाले. "लोक बघतात. तुम्ही आता साहेब."

"जेबाले, सेबो," नाबोसा खालूनच म्हणाली.

"जेबाले, मॅडम. तुम्हीच खरं काम करता."

मग रीतसर सगळं झालं. घरचे कसे आहेत, आईचा गुडघा काय म्हणतो, केळीची बाग कशी आहे, काळी गाय व्यायली का. सगळं विचारून झाल्यावर काका "हम्म" म्हणाले, नाबोसा "हम्म" म्हणाली, पुन्हा काका "हम्म" म्हणाले आणि गोष्ट संपली. जेबाले, सेबो म्हणजे साहेब, तुम्ही जे काम करता आहात त्याबद्दल तुमचे आभार. ज्याच्या कामाचे आत्ताच गुडघे टेकून आभार मानले, त्यालाच पुढच्या वाक्यात तुमचं काम संपलं असं कसं म्हणायचं, याची सोय ओचिएंगसाहेबांच्या सल्ल्यात नव्हती. नाबोसा उठली आणि वर गेली. काळ्या स्कर्टवर दोन पांढरे गोल उमटले होते. ते पाहून ऑफिसातल्या सगळ्यांना कळलं की मॅडम सांगायला गेल्या होत्या आणि सांगितलेलं नाही.

यात आणखी एक पीळ होता. नाबोसा इथे शाळा सोडल्या-सोडल्या पाव मोजायला लागली ती काकांच्या हाताखाली. पुढे हिशेबाची परीक्षा द्यायला कंपालाला जायचं होतं, त्या सकाळी टॅक्सीवाल्यांनी संप पुकारला. ती फाटकाशी रडत उभी राहिली. काकांनी लुकायाला निघालेली पावाची गाडी थांबवली, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरला सरळ कंपाला गाठायला सांगितलं. त्या दिवशी लुकायाच्या दुकानदारांनी काकांच्या नावानं खडे फोडले आणि तेव्हाच्या साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. काकांनी त्याचा एका शब्दानंही कधी उल्लेख केला नाही. उलट नाबोसाला बढती मिळाली त्या दिवसापासून ते तिला "पोरी" म्हणायचं सोडून "मॅडम" म्हणायला लागले. ते तिला झापल्यापेक्षा जास्त लागत होतं.

ऑफिसातली गोरेट्टी तिची जुनी मैत्रीण. तिनं मार्ग काढला.

"अगं, घट्ट स्कर्ट घाल. इतका घट्ट की वाकताच येणार नाही. मग बसशील कशी?"

मंगळवारी नाबोसा गोरेट्टीच्या धाकट्या बहिणीचा स्कर्ट घालून गेली. गोरेट्टीचं अर्धं म्हणणं खरं ठरलं. स्कर्टला वाकता आलं नाही. नाबोसाला आलं. टर्रकन आवाज झाला, काकांनी तत्परतेनं आकाशाकडे पाहिलं आणि यंदा पाऊस बरा दिसतो असं म्हणाले. उरलेला दिवस नाबोसा बेकरीचा एप्रन उलटा बांधून, भिंतीला पाठ लावून वावरली. मैद्याचे गोल होतेच.

बुधवारी गोरेट्टी म्हणाली की फोन कर. समोरासमोर गेलंच नाही तर गुडघ्यांना कळणार कसं? नाबोसानं दार लावून घेतलं, फोन लावला, पलीकडून काकांचा खोकला ऐकू आला आणि पुढच्या क्षणी ती टेबलाशेजारी गालिच्यावर होती. तेवढ्यात हिशेबनीस सेमाकुला सही घ्यायला आत शिरले. सेमाकुला अंगानं आडवे आणि स्वभावानं मदतीला धावणारे. साहेब जमिनीवर दिसल्यावर त्यांनी ओळखलं की साहेबांचं काही तरी हरवलं आहे.

"काय पडलं, मॅडम?"

काय सांगावं हे न सुचून नाबोसा म्हणाली, "कानातलं."

सेमाकुला ताबडतोब चार पायांवर आले. त्यांना खाली पाहून टायपिस्ट खाली बसली, तिला पाहून पॅकिंगच्या दोघी आल्या. थोड्याच वेळात शाखेचं निम्मं कामकाज टेबलाखाली चाललं होतं. नाबोसाच्या दोन्ही कानांत दोन्ही कानातली होती, पण वर बघतो कोण? टायपिस्टला साठ्याच्या कपाटाची किल्ली सापडली, जिच्यावरून मागच्या साहेबांनी दोघांना काढून टाकायची धमकी दिली होती. त्या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही की फोन चालूच होता. काकांना वर काही तरी गोंधळ झाल्याचं कळलं आणि ते शिट्टी सांभाळत, जिना चढून, धापा टाकत दारात उभे राहिले.

नाबोसा आधीच गुडघ्यांवर होती. तेवढे कष्ट वाचले.

"सापडलं का, मॅडम?" काकांनी विचारलं.

"सापडलं, सेबो."

"हम्म."

"हम्म."

गुरुवारी ओचिएंगसाहेबांचा नैरोबीहून फोन आला. झालं का सांगून? नाबोसानं चाचरत कबूल केलं की एक अडचण आहे. म्हातारा भांडकुदळ आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, फार चांगला आहे, हीच अडचण आहे, असं ती म्हणाली. साहेबांना ते काही उमगलं नाही. शुक्रवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये सगळ्या शाखांसमोर हे जाहीर करून टाका, म्हाताऱ्याला फाटकावरूनच फोनवर जोडून घ्या, असं ठरवून ते मोकळे झाले. मोठ्या साहेब वासवाबाई स्वतः बसणार होत्या. बाईंना मागे-पुढे करणारी माणसं आवडत नाहीत, हेही त्यांनी सांगून ठेवलं. म्बरारा शाखेचे टुमविनेसाहेब मासाकाही सांभाळायला तयारच होते.

त्या रात्री नाबोसा पुन्हा आरशासमोर बसून ते वाक्य घोटत राहिली. परत हिशेबाच्या टेबलावर जायची तिला लाज नव्हती. पण या शाखेत तिच्याआधी बाई साहेब कधी झाली नव्हती. तिला जमलं नाही म्हटल्यावर पुढच्या बाईला कुणी विचारणार नव्हतं. आणि काकांना दुखवायचं नव्हतं. दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते तिला दिसत नव्हतं.

शुक्रवारी गोरेट्टीनं शेवटचा उपाय काढला. एक लांब ओढणी आणली, नाबोसाला खुर्चीत बसवलं आणि कमरेशी ओढणी घालून खुर्चीच्या पाठीला दोन गाठी मारल्या.

"आता बघू कशी खाली जातेस," असं म्हणून ती काकांसमोर फोन धरायला फाटकावर गेली.

पडद्यावर चौकोन उमटले. कंपालाच्या चौकोनात मधोमध वासवाबाई, मोत्यांची माळ घालून, आणि दोन बाजूंना दोन अधिकारी मुली. जिंजाच्या चौकोनात तिथल्या व्यवस्थापक नाइगागाबाई. म्बराराचे टुमविनेसाहेब नवा टाय लावून. नैरोबीत ओचिएंगसाहेब. त्यांनी बदलाविषयी थोडकं, सुंदर भाषण केलं आणि म्हणाले, मासाका, बोला.

नाबोसानं श्वास घेतला. पहिलंच वाक्य. जिभेच्या टोकावर आलेलं. तेवढ्यात फाटकाचा चौकोन उजळला आणि त्यात काकांचा चेहरा मावेल तेवढा मावला.

"जेबाले, मुलांनो," काका सगळ्यांना म्हणाले.

नाबोसा खाली गेली. गाठी गोरेट्टीच्या होत्या, त्या सुटल्या नाहीत. त्यामुळे खुर्चीही गेली. धाडकन आवाज झाला आणि मासाकाच्या चौकोनात मागची भिंत आणि कॅलेंडर उरलं. नाबोसा गुडघ्यांवर, पाठीवर खुर्ची, कासवासारखी.

जिंजाच्या नाइगागाबाई चांगल्या घरच्या. त्याही दिसेनाशा झाल्या. कंपालाच्या दोन्ही मुली दोन बाजूंनी घसरल्या. टुमविनेसाहेब पुरुष माणूस, ते आदरानं उभे राहिले, म्हणून त्यांच्या चौकोनात फक्त पट्ट्याचं बक्कल दिसू लागलं. फाटकावर गोरेट्टी हातातल्या फोनसकट खाली बसली, तेव्हापासून काकांची हनुवटी आणि नाकपुड्या तेवढ्या दिसत राहिल्या.

"नेटवर्क गेलं का?" ओचिएंगसाहेबांनी विचारलं. "मासाका? जिंजा? सगळे कुठं गेले?"

वासवाबाई मात्र ताठ बसल्या होत्या. कंपालात मोठ्या खुर्चीवर बसून बसून त्यांचे गुडघे निबर झाले होते. काकांनी त्यांना अदबीनं विचारलं की आपण कोण, कुणाच्या, कुळ कोणतं. माणसानं विचारलं की सांगायचं असतं, म्हणून बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं आणि प्राण्या-किड्यांच्या नावानं चालणाऱ्या तिथल्या कुळांपैकी नाकतोड्याचं कुळ सांगितलं.

"नाकतोड्याचं? म्हणजे आमचंच की," काका म्हणाले. "मग तुझे वडील माझे भाऊ लागले. आणि तू माझी लेक."

बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर बरंच काही येऊन गेलं. मग मोत्यांची माळ हलली, आणि कंपालाच्या चौकोनात एक रिकामी, भारी, चामड्याची खुर्ची हळूहळू गोल फिरत राहिली.

उरले ओचिएंगसाहेब आणि एक बक्कल. काकांनी फोनमध्ये निरखून पाहिलं. घसा साफ केला आणि सावकाश, शब्द जुळवत इंग्रजीत बोलायला लागले.

"साहेब, तुम्हीच तेवढे दिसता, तर तुम्हालाच सांगतो. बरं झालं ही पोर समोर नाही. तिच्यासमोर मला हे सांगता येत नाही."

खुर्चीखाली नाबोसानं मान वर केली.

"मला काम सोडायचं आहे," काका म्हणाले. "कधीपासूनच सोडायचं आहे. माझी केळीची बाग वाट बघते आहे. डोळ्यांना गाड्यांचे नंबर नीट दिसत नाहीत. तो फोन चांगला आहे, ड्रायव्हर पोरांनी दाखवला मला. पण आमची पोर नुकतीच साहेब झालेली. मी तेव्हाच उठून गेलो असतो तर लोक म्हणाले असते, बाईच्या हाताखाली नको म्हणून म्हातारा निघून गेला. तिच्या नावाला बट्टा नको. म्हणून बसून राहिलो. रोज ठरवतो, आज तिला सांगू. ती येते, एवढी मोठी साहेब, मैद्यात गुडघे टेकते आणि माझ्या कामाचे आभार मानते. त्यावर कसं सांगायचं की मी निघालो?" ते फोनकडे आणखी झुकले. "तुम्ही मोठी माणसं तिला लवकर कायम करा, म्हणजे मी सुटलो."

 वाईट बातमी पहिल्या वाक्यात सांगायची असते हे ओचिएंगसाहेब सगळ्या आफ्रिकेला शिकवत हिंडत होते. पण बातमी अशी निघाली तर काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"काका," मासाकाच्या भिंतीकडून आवाज आला.

काका दचकले. "कोण? मॅडम? तुम्ही आहात?"

"मी इथंच आहे. खाली आहे." नाबोसाचा आवाज ओला झाला होता. खुर्चीच्या ओझ्यानं तो दबलाही होता. "मला कंपालाला परीक्षेला तुम्ही पाठवलंत. माझ्यासाठी लुकायाच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. मी साहेब झाले ती त्या गाडीतून उतरले म्हणून. आठवडाभर मी तुम्हाला काढायला येत होते काका, आणि आभार मानून परत जात होते. मला ते आभारच मानायचे होते. बाकीचं काही मला सांगता येणार नव्हतं."

 फाटकाचा चौकोन थोडा हलत होता, कारण गोरेट्टी रडत होती.

"जेबाले, पोरी," शेवटी काका म्हणाले.

"मंजूर," कंपालाच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला.

"कोण बोललं?" ओचिएंगसाहेब म्हणाले.

"मी बोलले," वासवाबाईंचा आवाज म्हणाला. "काकांची निवृत्ती मंजूर. मासाकाच्या मॅडम कायम. हे लिहून घ्या कुणी तरी, माझं पेन वर आहे."

महिनाअखेरीला काकांना निरोप दिला. बेकरीच्या फाटकाशी मोठा केक कापला, दुधाचा चहा झाला, ड्रायव्हरांनी ओळीनं हॉर्न वाजवले. वासवाबाई कंपालाहून स्वतः आल्या, फिकट पिवळ्या रंगाच्या सुटात. त्यांनी भाषण छोटं केलं. परत गाडीत बसायला निघाल्या तेव्हा सुटाच्या गुडघ्यांवर दोन गोल होते. पिवळ्यावर पांढरं फारसं उठून दिसत नव्हतं, पण मासाकाच्या लोकांना कुठं बघायचं ते ठाऊक होतं.

दुसऱ्या सकाळपासून ठिपके सुरू व्हायचे होते. पहाटे गाड्या भरल्या, ड्रायव्हरांनी फोन लावले, फोन बोलायला लागले. काका आपलं स्टूल घरी न्यायला आले होते. स्टूल काखोटीला मारून ते टॅक्सी पकडायला रस्त्याकडे वळले, तेव्हा नाबोसानं त्यांना हाक मारली. लुकायाची गाडी फाटकातून निघतच होती. तिनं हात आडवा करून ती थांबवली, स्टूल पावांच्या ट्रेवर ठेवलं आणि काकांना पुढच्या सीटवर बसवलं.

"अगं पोरी, माझं गाव उलट्या वाटेला," काका म्हणाले. "लुकायाचे लोक बोंब मारतील."

"मारू देत, काका. त्यांना सवय आहे," नाबोसा म्हणाली, फाटकाशी मैद्यात गुडघे टेकून निरोप घेतला आणि ड्रायव्हरला काकांच्या दारापर्यंत पोचवायला सांगितलं. फोन तावातावानं सांगत होता की मागे वळा, मागे वळा. ड्रायव्हरनं तो उपडा करून खिशात टाकला.

ती ऑफिसात येऊन बसली आणि थोड्या वेळानं नैरोबीहून फोन आला. ओचिएंगसाहेब नकाशासमोर बसले होते आणि काळजीत होते. पहिल्याच दिवशी, पहिलीच गाडी, लुकायाचा ठिपका भलतीकडे चालला होता. डांबरी रस्ता सोडून केळीच्या बागांत शिरला होता. यंत्रणेत काही बिघाड आहे का?

"नाही, सेबो," नाबोसा म्हणाली. "ठिपका बरोबर चालला आहे. मुगालुलाकाकांना घरी सोडायला."

 पलीकडे ओचिएंगसाहेब नकाशावरचा ठिपका बघत असावेत. तो आता एका बागेशी थांबला होता आणि तिथून हलत नव्हता. घरचे कसे, गाय कशी, हे चाललं असणार.

"हम्म," ओचिएंगसाहेब म्हणाले.

"हम्म," नाबोसा म्हणाली, आणि स्कर्टवरचा मैदा झटकून कामाला लागली.